त्याच दोघी, चाळीस वर्षांनी

ॲबा या स्वीडिश गटाच्या ‘व्होएज’ या अल्बममध्ये चौथं गाणं संपून पाचवं सुरू होतं, तेवढ्यात चाळीस वर्षं उलटी फिरतात. चौथं गाणं ‘डोन्ट शट मी डाउन’. सत्तरीला टेकलेल्या अग्नेता फेल्त्सकोगने ते गायलं आहे. पाचवं ‘जस्ट अ नोशन’. त्यातली वाद्यं २०२१ची आहेत, पण गळे १९७८चे. तेव्हा ते ‘व्हूले-व्हू’ या अल्बमसाठी ध्वनिमुद्रित झालं होतं आणि बाजूला पडलं होतं. गटातल्याच बेनी आंदर्सनने जुने आवाज तसेच ठेवले आणि त्यांच्याभोवती नवा वाद्यमेळ बांधला. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी अग्नेता २८ वर्षांची होती, तिची सहगायिका फ्रिडा ३२ वर्षांची. हेडफोन लावून ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत. पाचव्यात दोघींचा मिळून आवाज पत्र्यावर ऊन पडावं तसा लखलखतो. चौथ्यात तो खालच्या पट्टीत उतरलेला आहे, कडा थोड्या झिजल्या आहेत, एखाद्या ओळीच्या शेवटी श्वास ऐकू येतो. पण शब्दाचा अर्थ मात्र चौथ्यात जास्त पोचतो.

हा अल्बम समजून घ्यायचा तर मी इथूनच सुरुवात करीन. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी तो आला, तेव्हा जे काही लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं. हे लोक अजून पूर्वीसारखे आहेत का? अल्बम जिथे खरोखर चांगला आहे, तिथे तो पूर्वीसारखा नाही म्हणूनच चांगला आहे. हे त्या वेळी फार थोड्यांनी म्हटलं.

थोडं मागे जायला हवं. ब्यॉर्न उल्व्हेयुस, बेनी आंदर्सन, अग्नेता आणि आनी-फ्रिड लिंगस्ता म्हणजेच फ्रिडा, हे चौघे १९७२ मध्ये स्टॉकहोममध्ये एकत्र गाऊ लागले. दोन जोडपी होती ती. ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला झालेली युरोव्हिजन स्पर्धा त्यांनी ‘वॉटर्लू’ गाऊन जिंकली. ज्या ब्रिटनने पुढे त्यांना डोक्यावर घेतलं, त्या ब्रिटनच्या परीक्षकांनी त्या रात्री त्यांना शून्य गुण दिले होते. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी गाण्यांची जी रांग लावली, तिची तुलना बीटल्सशीच होऊ शकते. आपल्याकडेही ती पोचली. ‘हम किसीसे कम नहीं’ या १९७७च्या चित्रपटात राहुल देव बर्मन यांनी ॲबाच्या ‘मामा मिया’ची चाल घेऊन एक गाणं बांधलं आणि ते किशोर कुमार यांच्यासोबत आशा भोसले यांनी गायलं. तेव्हाच्या कितीतरी मराठी घरांत ॲबाची चाल अशी नाव न कळताच शिरली होती.

दोन्ही लग्नं मोडली. अग्नेता आणि ब्यॉर्न यांचं १९७९च्या सुरुवातीला जाहीर झालं, बेनी आणि फ्रिडा यांचं १९८१ मध्ये. गट मात्र फुटला नाही. उलट ती मोडलेली घरं गाण्यांत आली. ब्यॉर्नने शब्द लिहायचे आणि त्याच्यापासून वेगळ्या झालेल्या बायकोने ते गायचे, असं ‘द विनर टेक्स इट ऑल’ घडलं. १९८१च्या नोव्हेंबरअखेरीस ‘द व्हिजिटर्स’ आला, त्यानंतर काही सुटी गाणी, आणि १९८२ संपता संपता काम थांबलं. गट बरखास्त झाल्याचं त्यांनी कधी जाहीर केलं नाही. नुसतेच थांबले.

मग त्यांच्या गैरहजेरीत त्यांची किंमत वाढत गेली, आणि हा इतिहास ‘व्होएज’च्या स्वागताशी थेट जोडलेला आहे. सत्तरच्या दशकात स्वीडनमधल्या डाव्या विचारांच्या संगीतवाल्यांना ॲबा म्हणजे निव्वळ धंदा वाटत असे. १९७५ मध्ये युरोव्हिजन स्टॉकहोमला भरली तेव्हा तिच्या निषेधार्थ वेगळा महोत्सवही झाला होता. इंग्रजी रॉक समीक्षकांनाही हा गट फार गुळगुळीत वाटे. १९९२ मध्ये निवडक गाण्यांचा ‘ॲबा गोल्ड’ निघाला आणि वारं फिरलं. पाठोपाठ ‘म्युरिएल्स वेडिंग’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट आला, १९९९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘मामा मिया!’ आलं, २००८ मध्ये त्याचा चित्रपट झाला. ‘ॲबा गोल्ड’ हा ब्रिटनच्या यादीत एक हजार आठवडे टिकलेला पहिला अल्बम ठरला, तोही नेमका २०२१च्या जुलैमध्ये. पुन्हा एकत्र येऊन दौरा करावा म्हणून २००० साली त्यांच्यापुढे एक अब्ज डॉलरचा प्रस्ताव आला होता. त्यांनी नकार दिला. नकाराने दंतकथा आणखी मोठी झाली.

अशा गटाने नवा अल्बम काढायचा म्हणजे त्याची स्पर्धा त्या वर्षीच्या इतर अल्बमांशी नसते. ती असते श्रोत्याच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या वीस गाण्यांशी. ती वीस गाणी चाळणीतून गाळून आलेली आहेत. त्यांच्या शेजारी जी फिकी गाणी तेव्हा छापली गेली, ती कुणाला आठवत नाहीत. नव्या अल्बमला मात्र चाळणी लागलेली नसते. तो फिक्या गाण्यांसकट समोर येतो. ‘आता पूर्वीची सर नाही’ हे वाक्य म्हणूनच इतकं सहज निघतं. ॲबाचे सत्तरच्या दशकातले मूळ अल्बम आज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून पाहावेत. प्रत्येकात दोन-तीन गाणी भरतीची आहेत.

‘व्होएज’ मुळात अल्बम म्हणून ठरलाच नव्हता. चौघांच्या तरुणपणच्या प्रतिमा संगणकावर घडवायच्या आणि त्यांचा कार्यक्रम रंगमंचावर करायचा, अशी कल्पना आधी आली. त्यासाठी एखाद-दोन नवी गाणी असावीत म्हणून चौघे स्टॉकहोममध्ये स्केप्सहोल्मेन बेटावरच्या बेनीच्या स्टुडिओत जमले. २०१८च्या एप्रिलमध्ये त्यांनी दोन गाणी तयार असल्याचं जाहीर केलं. मग कार्यक्रमाचं तंत्र लांबत गेलं, महासाथ आली, आणि दोनाची दहा गाणी झाली. शेवटी २ सप्टेंबर २०२१ रोजी अल्बम आणि कार्यक्रम यांची घोषणा एकत्रच झाली. ती करायला ब्यॉर्न आणि बेनीच पुढे आले. अग्नेता आणि फ्रिडा यांनी प्रसिद्धीच्या फेऱ्यांपासून लांब राहायचं ठरवलं होतं.

तेव्हा बेनीने मुलाखतींत सरळ सांगितलं की आजची लोकप्रिय गाणी कशी बनतात हे त्याला उमगत नाही, त्यामुळे त्यांची नक्कल करायच्या भानगडीत तो पडलाच नाही. अल्बममध्ये कुणी तरुण पाहुणा गायक नाही, बाहेरचा निर्माता नाही, आवाज यंत्रातून चकचकीत करून घेण्याचा सोस नाही. दहा गाणी, सदतीस मिनिटं. ढोबळ मानाने सगळं १९८१ साली सोडलं होतं तिथूनच उचललेलं.

पण तिथून सगळंच उचलता येत नव्हतं. जुन्या ॲबाचा आवाज हे एक तंत्र होतं आणि त्यामागे मायकेल ट्रेटो हा ध्वनिमुद्रक होता. तो एकच साथ दोनदा ध्वनिमुद्रित करी आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदले. दोन थरांच्या सुरांत बारीकसा फरक पडे आणि आवाज दाट, रुंद होई. गायिकांचंही तसंच. अग्नेताचा गळा वरच्या सप्तकातला, फ्रिडाचा त्याहून खालचा. दोघींना एकच ओळ एकाच सुरात, आणि तीही इतक्या वरच्या पट्टीत गायला लावायचं की फ्रिडाला ताणावं लागेल. त्या ताणातून तो धातूसारखा लखलखाट येत असे. ‘व्होएज’च्या वेळी ट्रेटो सोबत नव्हता. ढोलवादक ओला ब्रुंकर्ट २००८ मध्ये गेला होता, बासवादक रुटगर गुनार्सन २०१५ मध्ये. सत्तरच्या दशकापासूनचा गिटारवादक लासे व्हेलांडर मात्र होता. हे त्याचं ॲबासोबतचं अखेरचं काम ठरलं, २०२३ मध्ये तोही गेला.

आणि गळे. वय वाढलं की स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होत जातात. बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर स्वरतंतू जाडसर होतात, त्यामुळे वरचे सूर निसटतात आणि आवाज एकूणच खाली सरकतो. फुप्फुसांचा भाता पूर्वीइतका भरत नाही, म्हणून लांब ओळ एका श्वासात पेलत नाही. कोणत्याही रियाजाने हे पुरतं थांबत नाही. अग्नेता आणि फ्रिडा यांच्यापुढे दोन वाटा होत्या. जुन्या पट्टीला हट्टाने धरून यंत्राची मदत घ्यायची, किंवा पट्टी उतरवायची आणि आवाज आहे तसा ऐकू द्यायचा. त्यांनी दुसरी धरली. लखलखाट गेला, हे मान्यच करावं लागतं. त्याच्या जागी जो दाणेदार, थोडा खरखरीत पोत आला, तो जुन्या ॲबाकडे कधीच नव्हता.

या पोताचा उपयोग कुठे होतो ते दाखवायला ‘डोन्ट शट मी डाउन’ पुरेसं आहे. संध्याकाळी बागेतल्या बाकावर एक बाई बसली आहे. समोरच्या घरात तिचा एकेकाळचा जोडीदार राहतो. ती उठते, दार वाजवते आणि सांगते की मी तीच आहे, पण तीच नाही. सुरुवात अगदी सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखी आहे. मग पियानोवरून बोटं सर्रकन फिरतात, ‘डान्सिंग क्वीन’च्या सुरुवातीला फिरतात तशीच, आणि खाली डिस्कोचा डुलता ठेका लागतो. हा ठेका सत्तरच्या दशकातल्या नाचगाण्यांपेक्षा मंद आहे, कंबरेत भार असलेला. हेच गाणं २८ वर्षांच्या गळ्याने म्हटलं असतं तर तो प्रेमातला रुसवाफुगवा झाला असता. सत्तरीच्या गळ्यातून ते ऐकताना, दार वाजवायला त्या बाईला किती वर्षांचं अंतर चालून यावं लागलं ते समजतं. शिवाय त्यात दुसराही अर्थ आहे. दारात उभा राहून ‘मला आत घ्या’ म्हणणारा हा गटही आहे, आणि दाराआड आपण आहोत.

‘कीप ॲन आय ऑन डॅन’ माझ्या मते याहून वरचं. घटस्फोट झालेली आई शनिवार-रविवारसाठी मुलाला त्याच्या वडिलांकडे सोडते, सूचना देते, आणि गाडीत येऊन बसते. एवढीच गोष्ट. ठेका घाईचा, काहीसा यांत्रिक, जणू ती स्वतःला रडू न देता पुढे ढकलते आहे. गाण्याच्या शेवटी पियानोवर ‘एसओएस’ या १९७५च्या गाण्यातल्या सुरांची आठवण करून दिली जाते, मदतीची हाक मारणारं ते गाणं. शब्द लिहिणारा ब्यॉर्न, गाणारी अग्नेता, आणि या दोघांनी घटस्फोटानंतर आपली दोन मुलं अशीच वाढवली. ‘द विनर टेक्स इट ऑल’ लिहिलं गेलं तेव्हा जखम ताजी होती. हे गाणं जखम भरल्यानंतरचं आहे, आणि म्हणून ते आरडाओरडा करत नाही, बारकावे सांगतं. पॉप संगीतात प्रेम जुळण्याची आणि तुटण्याची गाणी पोत्याने सापडतील. तुटल्यानंतर वर्षानुवर्षं चालणाऱ्या देवघेवीवर इतकं नेमकं गाणं मला दुसरं आठवत नाही.

तिसरं उत्तम गाणं फ्रिडाचं, ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’. आपण चौघे अजून एकमेकांचे आहोत का, हा प्रश्न ती विचारते आणि शेवटी हो म्हणते. ढोल फार उशिरा येतात, तोवर तिचा खालच्या पट्टीतला आवाज गाणं एकटा पेलतो. शेवटाकडे वाद्यवृंद जरा जास्तच फुगतो, पण पहिलं दीड मिनिट ऐकताना माझा श्वास अडकतो.

बाकीची गाणी मात्र याच तोलाची नाहीत, आणि चाहत्यांनी ते कबूल करायला हरकत नसावी. ‘लिटल थिंग्ज’ हे मुलांच्या समूहगानासह केलेलं नाताळचं गाणं इतकं गोड आहे की दुसऱ्यांदा ऐकवत नाही. ‘बम्बलबी’मध्ये बागेतल्या भुंग्याच्या निमित्ताने हवामानबदलाचं दुःख येतं. हेतू चांगला, फ्रिडाचा आवाज हळवा, पण बासरीच्या चालीवर त्यांच्याच जुन्या ‘फर्नांडो’ची सावली फार गडद. ‘व्हेन यू डान्स्ड विथ मी’ आयरिश लोकसंगीताच्या वळणाचं, हसतमुख आणि हलकं. ‘आय कॅन बी दॅट वुमन’मध्ये नवरा-बायकोच्या भांडणात बाईच सगळा दोष स्वतःवर घेते, आणि हे अनेकांना खटकलं. मलाही खटकलं, जरी अग्नेताने ते जीव ओतून गायलं असलं तरी. शेवटचं ‘ओड टू फ्रीडम’ हे वाद्यवृंदाचं संथ वॉल्ट्झ. त्याची रचना देखणी आहे, पण ते गाण्यापेक्षा समारोपाच्या सोहळ्यासारखं वागतं.

विक्रीच्या बाजूने स्वागत प्रचंड झालं. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या. चार वर्षांत कुठल्याही अल्बमची इतकी जोरदार सुरुवात झाली नव्हती. तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा दहावा अल्बम. जर्मनीत आणि ऑस्ट्रेलियातही तो पहिला आला. अमेरिकेने ॲबाला कधीच पुरतं जवळ केलं नव्हतं, १९७८ मध्ये तिथे त्यांच्या अल्बमची मजल चौदाव्या क्रमांकापर्यंत गेली होती. ‘व्होएज’ दुसऱ्या क्रमांकावर उतरला. ‘डोन्ट शट मी डाउन’ ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचलं. १९८१च्या ‘वन ऑफ अस’नंतर त्यांचं हे पहिलंच.

या आकड्यांच्या पोटात शिरलं की एक गोष्ट दिसते. ब्रिटनमधली बहुतांश विक्री सीडी, विनाइल आणि चक्क कॅसेट अशा हातात धरायच्या वस्तूंची होती. चाळीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला नुसती फाइल नको होती, त्याला कपाटात ठेवायला काहीतरी हवं होतं. अशी विक्री पहिल्याच आठवड्यात होऊन जाते, कारण घेणारे आधीच ठरलेले असतात. नवे कान फारसे जोडले जात नाहीत. त्यामुळे यादीतली उडी उंच असते आणि उतार तीव्र. बीच बॉइज पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने २०१२ मध्ये पुन्हा जमले आणि त्यांचा अल्बम अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेला, तेव्हाही हेच झालं. त्या अल्बमची शेवटची तीन गाणी, मावळतीच्या रंगाची, त्या गटातल्या ब्रायन विल्सनच्या उत्तम कामांपैकी आहेत. आज ती किती जणांना माहीत असतील?

समीक्षक विभागले गेले. लंडनच्या ‘द गार्डियन’ने पाचपैकी दोनच तारे दिले, अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’ने कौतुक केलं. नापसंतीची कारणं साधारण सारखी होती: संगीत जुन्या वळणाचं, नाचायला लावणारी गाणी कमी, शब्दांतलं घर आणि बाई मागच्या शतकातली. शेवटचा आक्षेप मला पटतो. पहिले दोन पटत नाहीत. पंचाहत्तरीच्या माणसांनी २०२१चं संगीत घालून यावं, ही अपेक्षा पुरी केली असती तर त्याच समीक्षकांनी त्यांना केविलवाणं म्हटलं असतं. आणि नाचायला लावणारी गाणी त्यांनी आधीच इतकी दिली आहेत की आणखी एकाने भर पडली नसती.

ग्रॅमीची कथा वेगळीच. १९७४ ते १९८२ या काळात ॲबाला एकदाही नामांकन मिळालं नव्हतं. पहिलं मिळालं ते २०२१च्या नोव्हेंबरमध्ये, ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’साठी. पुढच्या वर्षी ‘व्होएज’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या नामांकनासकट आणखी चार. पारितोषिक एकही नाही. यात थोडा जुन्या चुकीच्या भरपाईचा भाग होता हे उघड आहे.

२७ मे २०२२ रोजी पूर्व लंडनमध्ये खास बांधलेल्या तीन हजार प्रेक्षकांच्या सभागृहात ज्या कार्यक्रमासाठी हे सगळं सुरू झालं तो एकदाचा उघडला. चौघांनी पाच आठवडे विशेष पोशाख चढवून १६० कॅमेऱ्यांसमोर गाऊन-नाचून दिलं होतं. त्यावरून ‘स्टार वॉर्स’च्या दृश्य करामती करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने त्यांची १९७९च्या सुमाराची रूपं घडवली. पडद्यावरचं तारुण्य निर्दोष आहे. समोर खराखुरा वाद्यवृंद वाजतो, गळे ध्वनिमुद्रित. जुन्या गाण्यांत चेहरा आणि आवाज एकाच वयाचे असतात, काही खटकत नाही. पण ‘व्होएज’मधली दोन गाणीही, ‘डोन्ट शट मी डाउन’ आणि ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’, त्या कार्यक्रमात घेतली गेली. तिथे तिशीच्या चेहऱ्यातून सत्तरीचा आवाज येतो. यंत्राने अंगावरचं वय पुसलं, गळ्यातलं तसंच राहू दिलं. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण तरुण गळ्याची नक्कल बनवणं त्या तंत्राला अवघड गेलं नसतं.

अल्बम आला तेव्हाच बेनीने सांगून टाकलं होतं की यानंतर ॲबाचं नवं काही नाही. पुढे ज्याला ‘व्होएज’ ऐकायचा असेल त्याने पहिल्यांदा तीनच गाणी घ्यावीत, पहिलं, चौथं आणि सातवं, आणि त्यातलं सातवं, ‘कीप ॲन आय ऑन डॅन’, सगळ्यात शेवटी ठेवावं. कार्यक्रमात त्याला जागा मिळाली नाही. माझ्या मते ती मिळायला हवी होती.